मावशींची हरकत

शिवणमावशींचं गाणं रविवारी सकाळी ॲपवर चढलं आणि चहाचा कप खाली ठेवायच्या आत उतरलं.

ॲपचं नाव 'सर्वसूर'. ते सभासदांच्या मालकीचं होतं. कुणी एक मालक नव्हता, त्यामुळे प्रत्येक जण मालकासारखा वागायचा. सायकलच्या दुकानावरच्या खोलीत सभा भरायची आणि पंखा कितीवर ठेवायचा यावरही मतदान व्हायचं. निकाल लागेपर्यंत लोक घामाघूम होऊन चपला शोधत असायचे.

अध्यक्ष पेशाने दातांचे डॉक्टर. दिवसभर समोरच्याचं तोंड उघडं असूनही त्याला बोलता येत नाही, ही टोचणी त्यांच्या मनाला असावी. म्हणून त्यांनी नियम करून घेतला होता: एकाही सभासदाने हरकत घेतली तर गाणं तत्काळ बंद, आणि सभेत चर्चा झाल्याशिवाय पुन्हा लागणार नाही. ॲप सांभाळणाऱ्या इंजिनीअरबाईंनी हा नियम इमानेइतबारे यंत्रात बसवला. गाण्याखाली कुणी 'हरकत' असं लिहिलं की गाणं थांबायचं. 'हरकत नाही' लिहिलेलं चालायचं, एवढी अक्कल त्यांनी यंत्राला दिली होती.

मावशी उभा जन्म शिलाई मशीनवर गात आल्या होत्या. वरच्या मजल्यावर राहणारी धाकटी जाऊ म्हणायची, "मशीनच्या खडखडाटात कुणाचंही गाणं बरंच वाटतं." हे वाक्य मावशींना सुईसारखं टोचायचं. एकदा तरी हिने मशीन बंद असताना आपलं गाणं ऐकावं आणि 'वा' म्हणावं, एवढीच त्यांची इच्छा होती. त्यासाठी त्यांनी हे पहिलंवहिलं गाणं रेकॉर्ड केलं आणि सगळ्या घराला खोलीत बसवून फोनवर लावलं.

तेवढ्यात 'सर्वसूर'चे सर्वांत जुने गायक, बुवा, यांनी भारावून लिहिलं, "शाब्बास! दुसऱ्या कडव्यात काय हरकत घेतलीत!"

आता गाण्यातली हरकत म्हणजे सुराला जाता जाता दिलेली गोड मुरड, आणि सभेतली हरकत म्हणजे मोडता. हे माणसाला कळतं. यंत्राला कुठून कळणार? इथे पहिलं कडवं संपायच्या आत फोन मुका झाला आणि पाटी उमटली, 'सभासदाच्या हरकतीमुळे हे गाणं थांबवण्यात आलं आहे.'

"बघा!" जाऊ म्हणाली. "मी एकटीच नाही तसं म्हणणारी."

मावशी गळ्यातल्या टेपसकट बुवांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. "बुवा, माझं काय चुकलं हो?"

"चुकलं? अहो, मी तारीफ केली!" बुवा कळवळले आणि खुलासा लिहायला बसले. "माझी हरकत नव्हती. मावशींची हरकत होती. तिला माझी हरकत असायचं कारणच काय? हरकत अप्रतिम होती!" यंत्राने त्या प्रत्येक हरकतीची इमानदारीने नोंद घेतली. बुवांच्या मदतीला त्यांचे शिष्य धावले आणि संध्याकाळपर्यंत मावशी 'सर्वसूर'वरच्या सर्वांत वादग्रस्त गायिका झाल्या.

तातडीची सभा बोलावली गेली.

"दोन मिनिटांचं काम आहे," इंजिनीअरबाई म्हणाल्या. "मी शब्दच बदलते."

"तुम्ही परस्पर बदलणाऱ्या कोण?" अध्यक्ष कडाडले. "ही लोकशाही आहे!"

कुणीतरी सुचवलं, तक्रार करणाऱ्याने 'दाद' मागावी. "आणि मग मी दाद द्यायची कशी?" बुवा ओरडले. "दाद दिली की गाणं बंद!" बरीच घासाघीस होऊन शेवटी 'आक्षेप' या शब्दावर सगळे राजी झाले.

अध्यक्षांनी पेन उघडलं. "ठरावावर कुणाची हरकत?"

"पण बुवा," इंजिनीअरबाईंनी हळूच विचारलं, "गाण्यातली हरकत म्हणजे नक्की काय असतं हो?"

बुवांनी डोळे मिटले, कानाला हात लावला आणि सुरेल आवाजात एक गिरकी घेतली. "ही घ्या हरकत!"

"बुवांची हरकत," अध्यक्षांनी लिहिलं. "ठराव नामंजूर."

"अहो, मी गायलो!"

"गाऊन घेतली म्हणून काय झालं? हरकत ती हरकत."

अखेर मधला मार्ग निघाला. मावशींचं गाणं पुन्हा लावायचं, पण ज्यांना ते आवडेल त्यांनी कृपा करून तोंड बंद ठेवायचं. हा ठराव मात्र एकमताने पास झाला.

पुढच्या रविवारी घरचे पुन्हा खोलीत जमले. गाणं सुरू झालं. खाली एका ओळीचाही शेरा नाही. तिकडे बुवा दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले असणार, हे मावशींना ठाऊक होतं. पण 'लोकांना फार आवडलंय म्हणून ते गप्प आहेत' हे घरच्यांना कोणत्या तोंडाने सांगणार? त्यांना रडू आवरेना.

"कुणालाच काही वाटलेलं दिसत नाही," जाऊ म्हणाली. ती कालच पैसे भरून सभासद झाली होती. हरकत घ्यायचा हक्क आपल्यालाही असावा म्हणून. फोन हातात होता, अंगठा तयारीत होता.

दुसरं कडवं आलं. ती मुरड आली. जाऊ क्षणभर थांबली आणि तिने भराभरा काहीतरी लिहिलं. गाणं बंद पडलं.

"घेतलीस ना शेवटी हरकत?" मावशींनी तिच्या हातातून फोन ओढून घेतला. त्यावर लिहिलं होतं, 'जाऊबाई, ही हरकत इतकी वर्षं कुठे लपवून ठेवली होतीत?'

मावशींनी ते दोनदा वाचलं. अक्षरं पुसट दिसायला लागली.

"बंद का पडलं हो?" जाऊ गोंधळून म्हणाली. "लावा ना पुन्हा."

"आता सभेत चर्चा झाल्याशिवाय लागत नाही."

"मग तोंडाने म्हणा! सभेला कोण थांबतंय?"

मावशींनी पदराने डोळे टिपले, घसा साफ केला आणि पहिल्या कडव्यापासून सुरुवात केली. दुसऱ्या कडव्यात त्यांनी तीच हरकत दोनदा घेतली.