चिंचोक्यांचा राक्षस

एका जंगलात शिरपा नावाचा साळिंदर राहत होता. त्याला भिवरा नावाची बायको होती, तीन पोरं होती, अंगावर काटे तर भरपूर होते. नव्हतं ते फक्त बीळ. मागच्या पावसाळ्यात दरड आली आणि बीळ घेऊन गेली.

भिवराची एक खोड आत्ताच सांगून ठेवते, नाहीतर मागाहून विचाराल. जीव घाबरा झाला की तिला दाताखाली काहीतरी लागायचं. दरड आली त्या दिवशी तिने अख्खा ओंडका कुरतडून संपवला होता.

तर बाळांनो, त्या जंगलात जांभळीखाली एक कोरडं, ऐसपैस बीळ होतं. जागा रानगव्याची. गवा म्हणाला, "शिरपा, तू गोष्टी बऱ्या सांगतोस. रोज संध्याकाळी आमचा खेळ चालव. खेळ चालू तोवर बीळ तुझं. खेळ मोडला की पोरं उचलायची."

खेळ कसला, तेही ऐका. बिळासमोरच्या सपाट दगडाभोवती बसायचं आणि आपण जे नाही ते व्हायचं. ससा झाला तलवारबहाद्दर. मोर झाला चोर. लपायचा, पण पिसारा मिटायला विसरायचा. एवढा थोरला गवा, तो झाला म्हातारा मांत्रिक, उगाच खोकत बसायचा. शिरपा सांगायचा, समोर गुहा आहे, गुहेत राक्षस आहे. मग एकेकाने कवडी टाकायची. उताणी पडली तर वार लागला, पालथी पडली तर हुकला. राक्षसाची कवडी वेगळी, ती शिरपाने टाकायची. प्रत्येकापुढे बोरं ठेवलेली. ते त्याचे प्राण. राक्षसाचा वार लागला की एक बोर जायचं. बोरं संपली की मेलास, ऊठ, घरी जा.

पहिल्या संध्याकाळी शिरपाने भीतभीतच राक्षस आणला. गव्याच्या बिळात झोपायचं, मग गव्याला दुखवून कसं चालेल? राक्षस एका डोळ्याने आंधळा, दुसऱ्याने पेंगणारा. सशाने कवडी टाकली आणि राक्षस मेला.

"मेला?" ससा म्हणाला.

"मेला."

"हा राक्षस होता की पडसं झालेला पाहुणा?"

गव्याने जांभई दिली. मोराला त्या जांभईत गव्याचं सकाळचं जेवण दिसलं.

दुसऱ्या दिवशी शिरपाने सात तोंडांचा राक्षस आणला. सातही तोंडं उपाशी. सशाने तलवार उपसायच्या आत त्याची बोरं संपली. ससा उठून घरी गेला.

सकाळी सशीण दारात. "काय केलंत हो माझ्या माणसाचं? मी मेलोय म्हणतो. उताणा पडून आहे. चारा आण म्हटलं तर म्हणतो, मेलेले चाऱ्याला जात नाहीत."

मागोमाग गवा आला. "शिरपा, मरायला आम्हाला घराशेजारी वाघ आहे. त्यासाठी तुझ्याकडे कशाला येऊ? आज शेवटचा खेळ बघतो. राक्षस नेमका पाहिजे. भीती वाटली पाहिजे. मला फार नको."

"आणि मेला पाहिजे," मोर म्हणाला, "पण आधी एकदा माझ्याकडे बघून."

"थोरला पाहिजे," घरून सशाचा निरोप आला, "पण माझ्या हातून मरेल इतकाच थोरला."

भिवराने त्या दिवशी दारातलं जांभळीचं मूळ निम्मं खाल्लं.

तेवढ्यात कोल्हा आला. शहराच्या वेशीजवळ चार महिने राहून आला होता, तेव्हापासून सगळं मोजून बघायचा. म्हणाला, "समतोल राक्षस हा माझाच विषय आहे." त्याने गव्याची शिंगं मोजली, सशाची उडी मोजली, मोराचा पिसारा मोजताना दोनदा चुकला. बेरीज केली, भागाकार केला, शेपटी खाजवली. मग चिंचोक्यांचा एक ढीग मोजून दिला.

"हे राक्षसाचे प्राण. सुपाआड ठेवा. एक वार लागला, एक चिंचोका काढायचा. संपले की राक्षस मेला. एक कमी नको, एक जास्त नको. आणि भाजून घ्या, कीड लागली तर राक्षस अशक्त होईल."

भिवराने चिंचोके भाजले. वास असा सुटला की पोरं झोपेत चावायला लागली. संध्याकाळी दगडावर आडोशाला सूप उभं केलं. सुपाआड राक्षस, आणि राक्षसाच्या राखणीला भिवरा.

ससाही आला. आजच्यापुरता जिवंत झालो म्हणाला.

खेळ असा रंगला म्हणता! राक्षसाने मांत्रिकाची दाढी धरली. गव्याने डोळे मिटून घेतले. चोर दोनदा लपला आणि दोनदा सापडला. सशाचं एक बोर गेलं, दुसरं गेलं. सुपाआड कुडुम, कुडुम असा आवाज येत होता. सगळ्यांना वाटलं राक्षस दात खातोय.

सशाचा एक वार लागला. शिरपाने चिंचोका काढायला सुपाआड हात घातला, तर हाताला नुसता दगड.

"अगं, राक्षस कुठाय?" तो हळूच म्हणाला.

"खाल्ला."

"सगळा?"

"ससा जातोय की काय असं झालं हो मला. पोरं कुठे न्यायची? शेवटचा जरा खवट होता."

शिरपाचे काटे उभे राहिले. "मग मेला म्हणून सांगू?"

भिवराने सुपावरून डोकावून पाहिलं. गव्याला घाम फुटला होता. मोर ओरडून सांगत होता की तो लपलाय. सशापुढे एकच बोर होतं.

"आत्ता नको," ती म्हणाली. "सशाला टाकू दे."

सशाने कवडी टाकली. पालथी.

आता वार राक्षसाचा. शिरपाने सुपाआड कवडी टाकली. उताणी पडली, चक्क उताणी. म्हणजे सशाचं शेवटचं बोर गेलं, ससा गेला, खेळ गेला, बीळ गेलं. भिवराने कवडीकडे पाहिलं, बिळात झोपलेल्या पोरांकडे पाहिलं, आणि कवडी उचलून गालात ठेवली.

"हुकला," शिरपा म्हणाला.

सशाने डोळे मिटून पुन्हा टाकली. उताणी.

"राक्षस पडला. पडताना त्याने मोराकडे पाहिलं."

मग गवा हुंदके देऊन रडला. "थोडक्यात वाचलो रे. एका बोरावर वाचलो. याला म्हणतात राक्षस!"

"एक चिंचोका इकडचा तिकडे नाही," कोल्हा म्हणाला. "गणित आहे ते."

भिवराच्या गालात कवडी होती, त्यामुळे तिला काही बोलता आलं नाही.

ससा तलवार खांद्यावर टाकून घरी गेला आणि वाटेत चारा घेऊन गेला. गवा शिरपाला म्हणाला, "बीळ आता तुझं, तुझ्या पोरांचं, त्यांच्या पोरांचं. राक्षस तेवढा याच मापाचा ठेव." कोल्ह्याने शाळा काढली. लांबलांबच्या जंगलांतून जनावरं माप शिकायला येतात, आणि आपापल्या घरी गेल्यावर त्यांचे राक्षस काही केल्या जमत नाहीत. जांभळीखाली मात्र रोज संध्याकाळी ताजे चिंचोके भाजतात, राक्षस काठावर मरतात, आणि शिरपाची पोरं एवढी गुटगुटीत झाली की बिळाचं तोंड रुंद करावं लागलं.

तात्पर्य: राक्षसाचं माप तज्ज्ञाकडूनच घ्यावं, अगदी काटेकोर घ्यावं, आणि ते वेळेवर खाऊन टाकणारं एक घाबरट माणूस घरात असू द्यावं.