कँटीनची चपाती

आमचे घरमालक दत्तूआप्पा रोज कंपनीच्या कँटीनमधून एक चपाती चोरतात. कागदात गुंडाळून ती शर्टाच्या आत सरकवतात आणि चेहरा असा करतात, जणू पोट दुखतंय.

गरिबी म्हणाल, तर तीन मजली घर आहे. चाकणजवळच्या त्यांच्या गावात पहिला एसी यांचा, पहिलं मॉड्युलर किचनही यांचंच. सोफ्याचं प्लास्टिक मात्र अजून काढलेलं नाही, पाहुणा बसला की करकर वाजतं. मी लातूरकडचा, त्याच कंपनीत कंत्राटी, त्यांच्याच तळमजल्यावर भाड्याने राहतो. मला पाहिलं की आप्पांची मान ताठ. "आपण परमनंट हाय, राव!" हे त्यांनी लोकांना दशक्रियेतसुद्धा ऐकवलंय. मुलीला स्थळ आलं, की मुलाचं नाव विचारायच्या आधी "परमनंट हाय का?" आणि असा माणूस चपाती चोरतो! हावरटपणाची हद्दच झाली.

परवा गेटवर सिक्युरिटीने धरलंच. टेबलावर चपाती, शेजारी खाली मान घालून माफीनामा लिहिणारे आप्पा, आणि आम्ही कंत्राटी पोरं रांगेत दात काढतोय. साहेबांनी बजावलं, पुन्हा सापडलात तर कायमचे घरी बसाल. मला मनापासून आनंद झाला, खोटं कशाला बोलू?

संध्याकाळी नळाला पाणी नव्हतं, म्हणून मोटर लावा सांगायला वर गेलो. आप्पांच्या म्हाताऱ्या आईपुढे वाढलेलं ताट तसंच होतं.

"आपल्या रानातलं न्हाई आणलंस?"

"आज न्हाई, आई. हे खा."

"इकतचं नगं मला."

आप्पा मला बाहेर घेऊन आले. "कँटीन हाय ना, तिथंच आमचं रान व्हतं. जमीन कंपनीत गेली, म्हणून मी कामाला लागलो. तिला म्हाईत हाय सगळं. पण तिथली चपाती पुढं ठेवली की जेवती. म्हणती, औंदा गहू बरा आलाय."

मला माझीच लाज वाटली. म्हटलं, "आप्पा, उद्यापासून मी आणतो."

"खुळा हायस का?" ते एकदम खेकसले. "तू कंत्राटी. तुला माफीनामा बी लिहू देणार न्हाईत, गेटवरूनच हाकलतील. गावाकडची चूल तुझ्यावर हाय."

दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटली. गेटच्या रांगेत आप्पा माझ्या पुढे दोन माणसं सोडून उभे होते, आणि त्यांचा शर्ट पोटाजवळ फुगला होता.