पाक दार्सोनो, आत या

इंडोनेशियातल्या योग्याकार्ता शहरात डॉक्टर रेत्नो यांच्या दातांच्या दवाखान्यात सकाळी सकाळी कॉम्प्युटर बोलला. पडद्यावर एकही खिडकी उघडी नव्हती. तरी एका बाईचा थंड आवाज आला, "पाक दार्सोनो, आत या."

बाकावरची माणसं एकमेकांकडं बघू लागली. पाक म्हणजे तिथलं आदराचं 'काका', आणि दार्सोनो म्हणजे घरमालक. त्यांना जाऊन वर्ष झालं होतं, आणि दवाखाना त्यांच्याच बैठकीच्या खोलीत होता.

थोड्या वेळानं पुन्हा तीच हाक. सुजलेल्या गालाचा एक गृहस्थ उठला. "दुखतंय, पण इतकं नाही," म्हणत त्यानं चप्पल घातली. दुपारपर्यंत बाक रिकामं झालं.

पेशंटना हाका मारणारा तो प्रोग्राम वेनिंग नावाच्या मुलीनं पायथन या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिला होता. डॉक्टरांनी तिला बोलावून घेतलं.

"मी खिडकी बंद केलीय. तरी बोलतंय."

"भूतबित काही नाही हो," वेनिंग म्हणाली. तेवढ्यात हाक आली आणि तिचा हात माउसवरून उडाला.

शोधता शोधता सापडलं. प्रोग्रामच्या खिडकीच्या आत तिनं वेबपानं दाखवणारं ब्राउझरचं इंजिन बसवलं होतं. खिडकी मिटली, पायथन थांबलं. इंजिन मात्र मागं लपून चालूच राहिलं, आणि चाचणीचं पान मोठ्यानं वाचत बसलं. चाचणीला नाव हवं म्हणून तिनं फाटकावरच्या पाटीवरचं टाकलं होतं.

"पाटी वाचलीस, तशी चौकशी तरी करायचीस," डॉक्टर म्हणाल्या.

वेनिंगनं इंजिन बंद पाडलं, नाव पुसलं. खोली शांत झाली. तेव्हा तिला दिसलं, मागच्या दारात पाक दार्सोनोंची बायको तुमिनाह, सगळ्यांची इबू म्हणजे आई, उभी होती. हातात चहाचा पेला, काठोकाठ भरलेला.

"बंद केलंस?"

"चूक माझीच, इबू. माफ करा. तुम्हाला ऐकायचं असेल तर एकदा लावते परत."

"नको गं." म्हातारीनं पेला कोपऱ्यातल्या रिकाम्या खुर्चीपुढं ठेवला. "जन्मभर एका हाकेत कधी उठले नाहीत. आत्ता कुठं येऊन बसलेत. परत हाक मारलीस तर चिडून जातील."

डॉक्टरांनी वेनिंगकडं पाहिलं. वेनिंगनं पडद्याकडं पाहिलं. लपलेलं काहीही चालू नव्हतं. तिनं दोनदा तपासलं.

बाहेर रिक्षा थांबली. गालाला रुमाल लावलेली एक बाई आत आली आणि कोपऱ्यातल्या खुर्चीकडं वळली.

"तिथं नको," वेनिंग घाईनं म्हणाली. "बाकावर बसा."