लाटण्यांवर वाळलेल्या नळांची बखर

श्री. जी माती देह होते आणि देह जीत मिळतो, तीस नमन. शके १६२७ पार्थिवनाम संवत्सरी वैशाखमासी गड कैसा गेला म्हणोन थोरांनी पुसिले, तरी जैसे घडले तैसे लिहितो. गोड लागणार नाही.

गडास शेजारील डोंगरातून खापरी नळांनी पाणी येत असे. गनिमाने वेढा घातला आणि तोफेचा गोळा पडोन खिंडीतील नळ फुटला, पाणी दरीत जाऊ लागले. तेथे घागर घेऊन जो गेला तो गोळी लागोन परतला नाही. कुंभार पायथ्याशी गनिमाच्या हाती. एकवार जाऊन नळ बसवावा म्हणोन दोघे गडकरी मरणास राजी जाहले, परंतु नळ कोठे? राजियांची राणी सगुणाऊ ओली बाळंतीण, अंगात ताप, म्हणे, "सासूबाई, घोटभर तरी द्या हो!" तेव्हा राजमाता म्हाळसाऊसाहेब उठल्या आणि बोलिल्या, "घरोघरची लाटणी आणा!" मग गडावरील शेवटले पाणी मातीत घालोन चिखल मळिला. काळीज तुटले हो सर्वांचे. पोळपाटावर पोळीसारखा चिखल लाटिला आणि लाटण्याभोवती गुंडाळोन ओल्या बोटाने सांधा मिटविला. पहिला नळ लाकडास चिकटला, मग लाटण्यास जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळोन वर चुलीतील राख भुरभुरली. आऊसाहेबांनी एक लाटणे हलकेच फिरवोन ओढिले, तो आरपार पोकळ नळ हाती आला! बायका रडत हसल्या. आता सर्व काढावे आणि गोवऱ्यांत भाजावे, इतकेच उरले.

इतक्यात राजेश्री आले, सवे मोरभट जोशी. जोशी म्हणाले, "नळाच्या पोटातून लाटणे काढणे तो प्रसव जाहला. आज योग वाईट, उद्या प्रहर दिवसास अमृतयोग आहे." आऊसाहेब म्हणाल्या, "अरे, सून तहानेने चालली, आणि तू पंचांग काय पाहतोस?" राजे बोलिले, "मातुश्री, मागे मुहूर्त न पाहता बुरूज बांधिला, तो माणसांसुद्धा पडला. ते पाप पुन्हा नको." ऐसे म्हणोन मातुश्रींचा हात धरिला. लेकही तोच आणि धनीही तोच, बाईंनी हात मागे घेतला.

वैशाखाचे वारे रात्रभर वाहिले. माती वाळोन आवळली, आत लाकूड ते काय आवळणार? प्रातःकाळी पाहतात तो लाटण्यावरील प्रत्येक नळ उभा तडकलेला. काल काढिलेल्या एकल्या नळाने फुटके अंतर पुरत नाही, पुन्हा मळावे तर पाणी नाही. आऊसाहेब रागे भरल्या नाहीत, तेच राजियांस फार वाईट वाटले. मग राजियांनी गडाच्या किल्ल्या गनिमाकडे पाठवोन पाणी मागितले. गनिमानेही माणुसकी केली, पखाली धाडिल्या. पाणी सदरेत आले तेव्हा सगुणाऊ निवर्तल्या होत्या. मूल त्या पाण्याने वाचले. उरले त्याने आऊसाहेबांनी सुनेस अखेरचे स्नान घातले आणि तो एकला अखंड नळ तिच्या उशाशी ठेविला.

सारांश, गड गेला, राणी गेली. पखाली आल्या तेव्हा प्रहर दिवस चढला होता. जोशीबावांचा अमृतयोग तो हाच.