डाव्या हाताचा कॅमेरा

"उजवा हात खिशात घाल आधी! मग बोल, वापरायला सोपा हाय."

धामणकर नाक्यावरच्या कॅमेऱ्याच्या दुकानात गजादादा विक्रेत्यावर ओरडत होता. आवाज असा, की बाहेर अडकलेल्या ट्रकवाल्यांनी हॉर्न थांबवले आणि काल्हेरच्या गोदामांवरची कबुतरं उडून थेट कल्याणला जाऊन बसली. हे मी पाहिलं नाही, पण ती परत आली नाहीत एवढं नक्की.

दादा शेलार गावचा, लग्नाचे फोटो काढणारा. त्याच्या स्टुडिओला लागून माझं फ्रेमचं दुकान, म्हणून साक्षीदार नेहमी मीच. लोक कॅमेऱ्याची लेन्स बघतात, हा बटणं बघतो. कंपन्यांची नावंसुद्धा घेत नाही. एक 'नणंद', दुसरी 'जाऊबाई'.

"नणंदेचं बघ, जिथं बोट ठेवशील तिथं तिचं काय तरी हायच. जाऊबाई चार बटणांत भागवते, पन चालू करायची खिटी पार दुसऱ्या टोकाला. ती काय हनुवटीनं दाबायची?"

कारण त्याची सगळी परीक्षा एकट्या डाव्या हाताने. कॅमेरा उलटा धरायचा, म्हणजे फोटोचं बटण करंगळीखाली येतं. नणंद उलटी धरली की करंगळी लागून बंदच पडायची.

हे सगळं युसूफभाईंसाठी. स्टुडिओतले तीस वर्षांपासूनचे भागीदार. अर्धांगाच्या झटक्यात उजवा हात लुळा पडला, तेव्हापासून कॅमेऱ्याला शिवत नव्हते. रोज येऊन स्टुडिओच्या दारात बसायचे, गिऱ्हाईक आलं की तोंड रस्त्याकडे. इकडे दादाच्या पोरीची हळद पंधरा दिवसांवर आलेली.

"फोटो युसूफभाई काढनार, न्हायतर कोनीच न्हाय," त्याने घरात जाहीर केलं. वहिनींनी दोन दिवस त्याला नुसती भाकरी वाढली, कालवण नाही.

शेवटी दादाने कंपन्यांचा नाद सोडला आणि कापडाचे लूम दुरुस्त करणाऱ्या जॉबरला धरलं. लूमवर सूत घेऊन इकडून तिकडे पळतो तो लाकडी धोटा. तसला एक मोडका, अर्धा कापून, पट्टीने कॅमेऱ्याच्या डाव्या अंगाला बसवायचा आणि त्यात वायरने जोडलेलं फोटोचं बटण.

"दादा, इससे फोटो निकालना है या कपडा बुनना है?" जॉबरने विचारलं.

"दोनी जमलं तर बघ."

हळदीला अर्धं शेलार मांडवात होतं, उरलेलं अर्धं बँडच्या तालावर नाचत होतं. दादाने ते यंत्र युसूफभाईंच्या मांडीवर ठेवलं आणि पोरीशेजारी जाऊन उभा राहिला. बँडवाले आपोआप थांबले. युसूफभाईंनी अंगठ्याने वायरचं बटण चाचपलं. मग डाव्या मुठीत धोटा आवळला. कॅमेरा डोळ्यापर्यंत वर गेला. टिक्.

हळद डोळ्यांत गेली असं सगळ्यांना सांगत, डोळे पुसत दादा धावला.

"कसा आलाय, युसूफभाई?"

युसूफभाईंनी कॅमेऱ्याच्या पडद्यावरची नजर काढली नाही.

"हललाय," ते म्हणाले. "परत उभा राहा."