खिल्लारे सरांचे बदक

खिल्लारे सर जुन्या संगणकाला 'अहो' म्हणत आणि नव्याला 'अरे'. या नियमात त्यांची चूक झालेली मी एकदाही ऐकली नाही. जुना संगणक म्हणजे 'थोरले' आणि नवा म्हणजे 'धाकटं'. "थोरले, उठा आता," असे म्हणून ते जुन्याचे बटण दाबीत. नवा अडला की, "काहून तोंड वाकडं करून राहिलास रे?" असे विचारीत आणि त्याच्या उत्तराची शांतपणे वाट पाहत.

वसमतला कचेरीसमोरच्या लिंबाखाली माझे टेबल आहे. मी अर्जनवीस; मुंजाजीराव म्हटले की तालुक्यात कोणीही माणसाला माझ्यापर्यंत आणून सोडतो. शाळा आठवीत सुटली, तथापि माझा एक अर्ज वाचून एका साहेबांनी मला पदवी विचारली होती, हे येथे नमूद करणे आवश्यक समजतो. माझ्या पाठीमागे, पत्र्याच्या शेडमध्ये, सरांचा टंकलेखन वर्ग होता. ही हकिकत हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा होऊन चार-पाच वर्षे झाली तेव्हाची. वर्गातली टंकयंत्रांची खडखड हळूहळू कमी झाली होती आणि त्यांच्या जागी संगणक बसले होते. दारात चपला काढाव्या लागत. "धाकट्याला धुळीची तकलीफ होते," असे सर सांगत.

सर माणसे मिनिटाला किती शब्द, या मापाने मोजीत. कचेरीत नवा कारकून आला की ते दारातून त्याला पाहून म्हणत, "पंचविसाचा हाय. पक्षकारायला डबा आणायला सांगा." हिंगोलीची बस तिसाची, तीही चुका माफ केल्या तर. माझ्याविषयी त्यांचे मत असे होते की, "मुंजाजीराव, तुमची जीभ साठाची, हात बाराचा." मी ते मनाला लावून घेतले नाही. सुवाच्य अक्षराला वेळ लागतोच.

थोरले दोन वर्षांपूर्वी वर्गातून निवृत्त होऊन सरांच्या घरी राहायला गेले होते. त्यांच्या काळ्या पडद्यावर एक खेळ चालत असे. एक बदक, मागे पाच पिल्ले. वरून दगड पडत. डाव्या-उजव्या बाणांच्या दोन कळांनी दगड चुकवीत बदकाला तळ्यापर्यंत न्यायचे, एवढाच खेळ. रंग चार, आवाज एक. सर बरोबर चार वाजता, परीक्षेची घंटा झाल्यासारखे, वर्ग बंद करून घरी जात. थोड्याच वेळात त्यांच्या खिडकीतून दगडांची टुकटुक ऐकू येई, अशी पक्की खबर मुद्रांकविक्रेते कादरभाई यांनी आणली होती. त्यांचे टेबल माझ्या टेबलाला लागून आणि घर सरांच्या गल्लीत.

"सर, इस उमर में बत्तख?" कादरभाई विचारीत.

"बदकाला वय विचारू न्हाई," सर म्हणत.

मीही एकदा सुनावले की शिक्षकी पेशाच्या माणसाने लेकरांचे खेळ खेळणे बरे दिसत नाही. सरांनी मान हलवली आणि चार वाजताच गेले.

मग एका दुपारी विजेचा दाब एकाएकी वाढला आणि थोरल्यांच्या पाठीतून धूर निघाला. सर त्यांना रिक्षात मांडीवर घेऊन वर्गात आले. उघडून पाहिले, वास घेतला आणि म्हणाले, "गेले." कादरभाईंनी डोक्यावरची टोपी सारखी केली. अशा प्रसंगी काय करावे याचा कोठे संकेत नसल्यामुळे मी चहा सांगितला.

बदक मात्र वाचले होते. ते फ्लॉपीवर होते आणि फ्लॉपी सरांच्या खिशात होती. आता ते धाकट्यावर चालवायचे, एवढेच काम उरले होते. सर म्हणाले, "आज-उद्या चालाया पायजे. एक-एक दिवस वाया जाऊन राहिला." इतकी घाई मी त्यांच्या तोंडी कधी ऐकली नव्हती.

धाकट्याने फ्लॉपी वाचली, थोडा विचार केला आणि मेमरी अपुरी असल्याचे इंग्रजीत कळविले. सर खुर्चीवरून उठले. "थोरल्यांपाशी व्हती तिच्या शंभरपट मेमरी हाय याच्यापाशी. अन् म्हणून राहिला, जागा न्हाई."

"मोठ्या घरात असंच असतंय," मी म्हणालो.

दोन दिवसांनी सरांनी कारण शोधून काढले. जुन्या खेळाला एवढी मोठी मेमरी मोजताच येत नव्हती. मोजणी संपेना, म्हणून तो काहीच नाही असे समजत होता. धाकट्याला 'जुन्यासारखा वाग' असे बजावण्याची एक सोय असते. ती सरांना सापडली आणि चौथ्या दिवशी वर्गातून हाक आली, "बदक दिसलं." मी वारसनोंदीचा अर्ज वाक्याच्या मध्यावर सोडून धावलो. अर्जदारही माझ्यामागे धावला. कादरभाई गल्ला उघडा टाकून आले. पडद्यावर काहीतरी चमकले आणि संपले.

"क्या हुआ?" कादरभाईंनी विचारले.

"मेलं."

"निकला कब?"

"निघालंच न्हाई."

सरांनी पुन्हा लावले. पुन्हा चमकले, पुन्हा संपले. दुखणे असे होते की त्या खेळात दगडांचा वेग संगणकाच्या वेगावर अवलंबून होता. थोरल्यांच्या छातीवर टर्बो नावाचे एक बटण असे. ते बंद केले की थोरले सावकाश चालत आणि दगडही सावकाश पडत. धाकट्याला असे बटणच नव्हते. त्याच्या वेगाने सगळे दगड, कळेपर्यंत बोट जाण्याच्या आत, बदकावर पडून मोकळे होत होते.

"सबंध हयात लोकायचा वेग वाढवण्यात गेली," सर म्हणाले. "कमी कसा करावा ते मला कोणी शिकवलंच न्हाई."

मग त्यांनी धाकट्याला दमवायचे ठरविले. एकाच वेळी चाळीस फाइली उघडल्या, दोन गाणी लावली, छपाईला एक जाडजूड पुस्तिका दिली आणि या सगळ्या ओझ्याखाली बदक सोडले. बदक दोन पावले चालले. आम्ही तिघेही खुर्चीच्या पाठीला धरून उभे होतो. तिसऱ्या पावलाला बदक, दगड, गाणी आणि पुस्तिका हे सर्व जागच्या जागी थिजले.

"थकला क्या?" कादरभाई.

"रुसला," सर म्हणाले.

नवव्या दिवशी सर माझ्या टेबलासमोरच्या बाकावर येऊन बसले. वीस वर्षांच्या शेजारात पक्षकाराच्या जागेवर ते प्रथमच बसत होते. "मुंजाजीराव, अर्ज लिहा. नांदेडच्या दुकानाला. धाकटं तिथूनच आणलंय."

मी नवी लेखणी काढली. असा विषय माझ्या हाताखालून कधी गेला नव्हता. अंगावर काटा आला, हे कबूल करतो.

"अर्जात निकड दाखवावी लागते, सर. निकड काय लिहू?"

"घरगुती लिहा."

"घरगुती म्हणजे काय?"

"घरगुतीच."

मी लिहिले : 'विषय – नवीन संगणकावर जुने बदक चालत नसलेबाबत. महोदय, सविनय सादर की, सदर बदक मार्गस्थ होण्यापूर्वीच मयत होत असून त्यामागील पाच पिल्ले निराधार होत आहेत. सबब घरगुती निकड विचारात घेऊन दगडांचा वेग कमी करून मिळावा.' इतका भरीव मजकूर मी क्वचितच लिहिला असेल.

आता जोडपत्राचा प्रश्न आला. जोडपत्राविना अर्ज मी देत नाही आणि मूळ दस्तऐवज टपालात कधीच टाकत नाही. म्हणून फ्लॉपीची दोन्ही बाजूंनी झेरॉक्स काढली आणि ती साक्षांकित करून घेण्यासाठी सर आणि मी एका अधिकाऱ्यांकडे गेलो. त्यांनी मूळ प्रत मागितली. सरांनी फ्लॉपी पुढे केली. साहेबांनी ती उलटून पाहिली, झेरॉक्स उलटून पाहिली.

"मागं कोरीच हाय?"

"काय असंल ते आतमधी हाय, साहेब," सर म्हणाले.

साहेबांनी 'सत्यप्रत' असा शिक्का मारून सही केली. कादरभाई दिवसभर हसत होते. "मुंजाजीराव ने बत्तख का झेरॉक्स भेजा," असे ते प्रत्येक मुद्रांकाबरोबर गिऱ्हाइकाला सांगत. सर मात्र रोज टपालाच्या वेळी दारात येऊन उभे राहू लागले.

टपाल आले नाही. पुढच्या आठवड्यात कादरभाईंच्या फोनवर फोन आला. बोलणाऱ्या बाई दुकानातल्या अभियंता होत्या, राठोड मॅडम. आमचा अर्ज तेथे भिंतीवर टाचून ठेवला होता आणि येणारा-जाणारा तो वाचून हसत होता. राठोड मॅडमही हसल्या. मात्र त्यांनी जोडपत्रही वाचले. फ्लॉपीवर सरांनी स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवली होती, ती झेरॉक्समध्ये स्वच्छ उमटली होती : 'बदक. टर्बो बंद करूनच लावणे.'

"तेवढ्यावरून कळलं," त्या म्हणाल्या. "वेगाचं दुखणं आहे, अन् त्याला औषध आहे. शनिवारी मी तांड्यावर जाणार आहे, औंढ्याजवळ. वाटेत उतरते."

फोन ठेवल्यावर कादरभाईंनी माझ्याकडे पाहिले. मी दुसऱ्या एका अर्जाला जोडपत्र लावीत होतो.

शनिवारी दुपारी राठोड मॅडम बसमधून उतरल्या. चप्पल न सांगता दारात काढली, त्यामुळे सरांच्या मनात त्या लगेच पंचेचाळिसाच्या झाल्या. त्यांनी एक सीडी लावली. नव्या संगणकाच्या आत एक जुना संगणक उभा करणारा प्रोग्राम तिच्यात होता.

"म्हणजे थोरले धाकट्याच्या पोटात?" सरांनी विचारले.

"तसंच समजा, सर. पडद्यावर वरती आकडा दिसतो ना, तो वेग. या कळांनी कमी होतो, या कळांनी वाढतो."

बदक चालले. कचेरीतले दोन कारकून, झेरॉक्सवाला, वारसनोंदीचा तो अर्जदार, सगळे दारात गोळा झाले. कादरभाईंनी मान मिळवून पहिला डाव घेतला आणि तीन पिल्ले तळ्यात पोचवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या अर्जाला यापूर्वी कधी टाळ्या पडल्या नव्हत्या.

सर म्हणाले, "अजून फास्ट हाय."

मॅडमनी वेग कमी केला. झेरॉक्सवाल्याची पाचही पिल्ले पोचली. "आता बराबर हाय," सगळे म्हणाले.

"अजून."

आकडा उतरत गेला. दगड पिंपळाच्या पानासारखे तरंगत येऊ लागले. गर्दी जांभया देत पांगली. मला राहवले नाही. "सर, या चालीनं दगडालाच पडायचा कंटाळा यील."

"थोरल्यांवर टर्बो बंद असताना एवढं हळू चालत होतं?" मॅडमनी विचारले.

"न्हाई," सर म्हणाले आणि त्यांनी कळ आणखी एकदा दाबली.

मग ते स्वतः खेळून पाहू लागले. दहा बोटांनी, न पाहता, टंकलेखन शिकवणारा हा माणूस. ते उजव्या हाताचे एकच बोट ताठ धरून, सबंध हात खांद्यापासून उचलून, कळेवर ठेवीत होते. ठेवले की काढायला पुन्हा तितकाच वेळ. मॅडम सरांच्या त्या हाताकडे पाहत राहिल्या.

"घरी कोण खेळतं, सर?"

"चार वाजले," सर म्हणाले.

मॅडमची औंढ्याची बस लागली होती. त्या गेल्या. धाकट्याला रिक्षात घालून सर आणि मी त्यांच्या घरी गेलो. पडदा माझ्या मांडीवर होता.

शांतावहिनींना दोन वर्षांपूर्वी लकवा झाल्याचे सगळ्यांना ठाऊक होते. विचारले की सर 'बराबर हाय' एवढेच म्हणत, म्हणून आम्ही विचारणे सोडले होते. त्या टेबलासमोरच्या खुर्चीत बसल्या होत्या. उजवा हात मांडीवर होता, कोणाचा तरी ठेवायला दिलेला असावा तसा.

"डॉक्टरनं दाबायला रबरी चेंडू दिला व्हता," तारा जोडताना सर मला म्हणाले. "तिनं तो खिडकीतून फेकला."

"चेंडू दाबून काय भेटतंय?" वहिनी म्हणाल्या. "इथं लेकरं तरी घरी पोचतात. बसा भाऊजी. हे तीन आठवडे लावून राहिले अन् इकडं माझं बोट पुन्हा लाकूड झालं."

त्यांनी डाव्या हाताने उजवा हात उचलून कळांवर ठेवला. बदक निघाले. दगड अगदी सावकाश उतरत होते, आणि वहिनींचे बोट त्याहून सावकाश. पण पोचत होते. सर मागे उभे होते आणि प्रत्येक दगडाला त्यांचे स्वतःचे बोट हवेत हलत होते. पाचही पिल्ले तळ्यात उतरली.

वहिनींनी श्वास सोडला. "वेग एक घर वाढवा."

"आज राहू दे."

"वाढवा म्हणून राहिले ना."

सरांनी हात कळांवर नेला, बोट किंचित वाकवले आणि काहीही न दाबता मागे घेतले. "वाढवलं."

वहिनी माझ्याकडे वळल्या. "भाऊजी, वाढवलं का?"

"वाढवलं, वहिनी," मी म्हणालो. "माझ्यासमक्ष."

त्यांनी पडद्याकडे पाहिले. "आकडा तसाच हाय की वरी. दोघं मिळून आजारी माणसाला फसवून राहिले. दाबा."

सरांनी दाबले. बदक निघाले आणि सरांनी डोळे मिटून घेतले. मी मिटले नाहीत. कोणीतरी पाहणे आवश्यक होते. दुसऱ्या दगडाला वहिनींचे बोट उशिरा पडले. चौथ्याला वेळेवर पडले. सातव्याला मला वाटले संपले, पण संपले नाही.

"किती आली?" सरांनी डोळे न उघडता विचारले.

"चार," वहिनी म्हणाल्या. "चालतंय. परत लावा."