तीन नंबरच्या मागावरचा पियानो

पन्नाशीला टेकल्यावर किशनने पियानो शिकायचं ठरवलं, आणि तोही स्वस्तात. हे दोन निर्णय एकाच दिवशी घेऊ नयेत, पण तसं सांगणारं त्याला कुणी भेटलं नाही. तो रोज वडगावहून निपाणीला जायचा, तंबाखूच्या एका वखारीत कारकुनी करायचा आणि संध्याकाळी परतायचा. बसमध्ये मोबाइलवर लोकांचं वादन बघून बघून त्याच्या बोटांना खाज सुटली होती.

घरी आलेली पियानोची पेटी दिसायला झकास होती. काळ्या-पांढऱ्या पट्ट्या, बटणं, दिवे, सगळं होतं. फक्त ती वाजत नव्हती. तिला लॅपटॉप जोडायचा आणि पियानोचा आवाज इंटरनेटवरून वेगळा विकत घ्यायचा, असा एकूण मामला होता. (खोक्यावर तसं स्पष्ट लिहिलं होतं. किशनने खोकं वाचलं ते पेटी बाहेर काढल्यावर.)

"म्हंजे म्हैस घेतलास आणि दूध दुकानातनं आणणार व्हय रं?" त्याची थोरली बहीण सत्यवती आक्का म्हणाली.

"आक्का, पाहिजे तसला आवाज निवडता येतोय. शिवाय हेडफोन लावला की तुमाला कायबी ऐकू येणार न्हाय."

"हे तेवढं बरं केलास," आक्का म्हणाली.

किशनची बायको राजेश्वरी पेटीकडे एक नजर टाकून खाली कामाला गेली. खाली चार यंत्रमाग चालत होते आणि ते तीच चालवायची. लग्नसराईच्या साड्यांची ऑर्डर अंगावर होती. ज्या घरात चार माग चालतात तिथे नवरा-बायकोचं बोलणं हातवाऱ्यांवर चालतं, आणि पंचवीस वर्षांत त्या दोघांना त्याची सवय झाली होती. पण किशनच्या मनात एक गोष्ट होती. एकदा तरी राजेश्वरीने हातातलं काम टाकून आपलं वाजवणं ऐकावं. तेवढ्यासाठी हा सगळा खटाटोप होता, आणि तेवढंच तिला सांगायचं धाडस त्याला होत नव्हतं.

आवाज निवडायला तो बसला तेव्हा शेकडो पियानो समोर आले. साडीच्या दुकानात गिऱ्हाइकाचं होतं तसंच त्याचं झालं. अखेर दोन उरले आणि दोन्ही थोड्या दिवसांसाठी फुकट वापरायला मिळाले. एक होता मोठ्या सभागृहातला भव्य पियानो, स्वच्छ आणि गंभीर. दुसरा कुणाच्या तरी घरातला भिंतीला टेकवलेला जुना पियानो. त्यात सुरांबरोबर आतल्या हातोड्यांची खटखट आणि पायाखालच्या दांडीची कुरकुरसुद्धा भरलेली होती. अस्सलपणासाठी म्हणे!

हेडफोन लावला तरी मागांचा धडधडाट कानात शिरत होता. मग किशनने एक मोठा स्पीकर आणून माडीच्या फळ्यांवरच ठेवला. आता खाली ऐकू गेलं तर? त्यावर त्याने शक्कल काढली. माग चालू असतील तेव्हाच वाजवायचं, माग थांबले की आपणही थांबायचं. चोरालाही सुचणार नाही अशी ही युक्ती होती, आणि तिनेच घात केला.

तिसऱ्या दिवशी खाली राजेश्वरीच्या कपाळावर आठी आली. तीन नंबरच्या मागातून खटखट येत होती. (स्पीकर बरोबर त्या मागाच्या डोक्यावर होता. सूर मागांच्या गदारोळात बुडत, पण हातोड्या फळीतून थेट खाली उतरत.) वरच्या पेटीला आवाज नाही हे खुद्द नवऱ्यानेच सांगितलेलं, त्यामुळे तिकडे संशय जायचा प्रश्नच नव्हता. तिने माग दुरुस्त करणाऱ्या भरमूला बोलावलं.

भरमूने माग थांबवले. वर किशन थांबला. खटखट बंद. भरमूने नटबोल्ट आवळले, तेल सोडलं, माग सुरू केले. वर किशनने हात चालवले. खटखट सुरू. असं सारखं चाललं. शेवटी भरमूने तीन नंबरचा तेवढा बंद ठेवून बाकीचे चालू केले. बंद माग खटखटायला लागला.

भरमू पाना घेऊन दोन पावलं मागे सरकला. "वैनी, ह्यात माझं काम न्हाय. भटजीला बोलवा."

"मी म्हटलं न्हवतं? कुणाची तर नदर लागलीया," म्हणत आक्का मीठ-मोहऱ्या आणायला स्वयंपाकघरात पळाली.

"ह्या साड्या वेळंत गेल्या न्हाईत तर गिऱ्हाईक तुटंल माझं," राजेश्वरी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. ते लपवायला तिने मान वर केली आणि फळ्यांतून खटखटीबरोबर झडणारी धूळ तिला दिसली. तिने जाऊन मेन स्विचच बंद केला.

माग शांत झाले. पण लॅपटॉप आणि स्पीकर दोन्ही बॅटरीवर होते, आणि किशन डोळे मिटून असा काही रंगला होता की त्याला पत्ताच लागला नाही. तो वाजवत राहिला, आणि आता सूरही खाली ऐकू आले. त्याने डोळे उघडले तेव्हा दारात बायको, पाना धरलेला भरमू आणि मुठीत मीठ-मोहऱ्या घेतलेली बहीण उभी होती.

"म्हंजे ह्यो तुमचा आवाज व्हय?" राजेश्वरी म्हणाली.

"चुकलं माझं," किशन म्हणाला. "तू ऐकावंस म्हणूनच शिकलो, आणि तू ऐकशील म्हणून लाजलो."

राजेश्वरी आत आली. मग पेटीच्या खोक्यावर बसली. "वाजवा बघू. थांबलासा कशाला?"

किशनने वाजवलं. चुकला, पुन्हा धरलं, पुन्हा चुकला. कुणी हसलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा बायको काम टाकून त्याच्यासमोर बसली होती आणि त्याला फार बरं वाटत होतं. मग त्याने दोन्ही पियानो ऐकवले आणि विचारलं, "कुठला घेऊ?"

"पयला मोठ्या घरचा दिसतोय. आपल्या जिन्यातनं वर यायचा न्हाय," राजेश्वरी म्हणाली. "दुसरा घ्या. त्याची खटखट मला खाली काम करताना ऐकू येती. आता कळलंय न्हवं, तुमीच हाईसा म्हणून. कान देत जाईन."

"बाजाची पेटीच घ्यायची की त्यापरीस, भजनाला तर आली असती," आक्का म्हणाली. तिकडे कुणी लक्ष दिलं नाही. जुना पियानो त्याच दिवशी विकत घेतला गेला.

पुढचे दिवस किशन हवेतच होता. एका संध्याकाळी संकेश्वरजवळ बस बिघडली आणि त्याला घरी यायला बराच उशीर झाला. खांद्याला पिशवी, हातात डबा, अशा अवतारात तो मागच्या दाराने शिरला, तर राजेश्वरी कडेच्या स्टुलावर मांडीवर हात ठेवून बसली होती. त्याला बघताच ती मागांच्या वर आवाज चढवून म्हणाली, "आज कसलं भारी वाजवलासा वो! एका लयीत! एकदाबी अडखळला न्हाईसा! मी काम टाकून ऐकत बसलते!"

किशनने तीन नंबरच्या मागाकडे बघितलं. खटखट चालूच होती. ती कौतुकाची थाप पाठीवर घेऊन गुपचूप वर जावं असं त्याला क्षणभर वाटलं, पण साड्यांचा प्रश्न होता.

"उद्या भरमूला बोलव," तो म्हणाला. "मी आत्ताच आलोय. हा मागच बिघडलाय."

राजेश्वरीने आणखी थोडा वेळ कान देऊन ऐकलं.

"मग त्येला दोन दिवस असाच ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "तवर तुमी त्याच्याकडनं शिकून घ्या."